चेंडू उजवीकडेच का पळतो? हौशी गोल्फरची नेहमीची दुखणी आणि त्यांचं मूळ

फेब्रुवारीत शेवटची वेचणी आटोपते, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून होतात, शेत एकदा वखरलं जातं, आणि मग आमच्या रविवारच्या सकाळी शेतात जायला लागतात. जळगावपासून अर्ध्या तासावर पाच एकरांचा तुकडा आहे. पुण्यात नोकरीला असताना मला गोल्फची गोडी लागली. गावी परतलो तेव्हा क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, पिशवी सोबत आली, मैदान तिकडेच राहिलं. तेव्हापासून सराव इथे, काळ्या मातीत.

गेल्या वर्षापासून भाचाही यायला लागला. क्रिकेटमध्ये तो चांगला फलंदाज आहे. मनगटं मजबूत, नजर पक्की. पहिल्याच दिवशी त्याने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायचा क्लब, मागून घेतला. चेंडू जोरात निघाला, निम्म्या वाटेवर हवेतच उजवीकडे झुकला आणि शेजाऱ्याच्या केळीत शिरला. "चेंडू कथा गया भो?" बांधावरून कुणीतरी विचारलं. भाच्याने दुसरा चेंडू ठेवला आणि या वेळी तो थोडा डावीकडे तोंड करून उभा राहिला. चेंडू जेवढा उजवीकडे जातो तेवढं आपण डावीकडे धरायचं, असा त्याचा हिशेब. दुसरा चेंडू पहिल्याहून मोठा वळसा घेऊन त्याच केळीत गेला.

हा हिशेब जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू करतो, आणि साधं दुखणं जुनाट होतं ते इथेच. चेंडू वर जावा म्हणून त्याला खालून उचलायला गेलं की तो जमिनीवरून सरपटतो. लांब जावा म्हणून मूठ आवळली की जवळच पडतो. गोल्फमध्ये मनाला सुचणारा पहिला उपाय बहुतेक वेळा उलटा असतो. त्यामुळे उपायाच्या आधी निदान हवं, आणि निदानासाठी लागणारी सगळी माहिती चेंडूची वाट, जमिनीवरची खूण आणि क्लबच्या तोंडावरचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट भागावरचा, डाग या तीन ठिकाणी मिळते. मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितो आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटून वाचावं.

चेंडू हवेत वळतो कसा

क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात तो काळ सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग असतो. त्या वेळात हाताने काही सावरता येत नाही. चेंडूला कळतं ते एवढंच: क्लबचं तोंड कुठे बघत होतं, क्लब कोणत्या वाटेने आला, आणि चेंडू तोंडाच्या कोणत्या भागावर लागला. तुमची मान, कोपर, गुडघा यांतलं काहीही त्याला थेट कळत नाही. ते सगळं या तीन गोष्टींमधूनच त्याच्यापर्यंत पोचतं.

चेंडू निघतो तो मुख्यतः तोंड बघत असतं त्या दिशेने. आयर्नच्या, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबच्या, फटक्यात सुरुवातीच्या दिशेतला साधारण पाऊण वाटा तोंडाचा असतो, ड्रायव्हरमध्ये त्याहून जास्त. पुढे हवेत तो वळतो ते तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. क्लबच्या वाटेच्या मानाने तोंड उजवीकडे उघडलेलं असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, डावीकडे मिटलेलं असेल तर डावीकडे. पूर्वी याच्या उलट शिकवत असत: चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि तोंडाच्या दिशेला वळून जातो. रडारवर चालणारी मोजणी यंत्रं आली तेव्हा ती समजूत चुकीची ठरली, पण जुनं वाक्य अजून कानावर पडतं आणि माणसं त्यावरून आपल्या चुका शोधत बसतात.

वळण्यामागचं कारण फिरकी आहे. क्लबचं तोंड मागे कललेलं असल्यामुळे प्रत्येक चांगल्या फटक्यात चेंडू उलटा फिरत जातो. ही उलटी फिरकी त्याला हवेत उचलून धरते. एडिनबर्गचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हे मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटनचा हौशी विजेता होता, त्यामुळे या अभ्यासात घरचा जिव्हाळाही असणार. चेंडूवरचे खळगे याच कामाला मदत करतात. ते चेंडूला चिकटून जाणारी हवा खळबळती ठेवतात, मागे ओढणारा जोर त्यामुळे कमी होतो, आणि फिरकीला हवेत पकड मिळते. अगदी गुळगुळीत चेंडू तेवढ्याच फटक्याला साधारण निम्म्यावर पडेल.

आता ही फिरकी सरळ न राहता एका बाजूला कलली की चेंडू त्या बाजूला सरकतो. संक्रांतीला आपण बघतो, पतंग एका अंगाला झुकला की तिकडेच ओढत जातो, तसंच हे. तोंड आणि वाट यांचा मेळ बसला नाही की कल येतो. ड्रायव्हरला उलटी फिरकी कमी असते, म्हणून थोड्याशा फरकानेही कल मोठा होतो. वेजला, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबला, उलटी फिरकी भरपूर, त्यामुळे तेवढाच फरक त्यात जवळजवळ दिसत नाही. "माझा वेज सरळ जातो, ड्रायव्हरच खराब आहे," असं म्हणणारे बरेच भेटतात. बहुतेक वेळा दोष एकच असतो, ड्रायव्हर तो मोठा करून दाखवतो. त्यातही ज्याचा ड्रायव्हर उजवीकडे वळतो त्याचा वेज सरळ रेषेत पण डावीकडे जात असेल, तर क्लब बाहेरून आत येतो आहे हे जवळजवळ नक्की समजावं.

स्लाइस: सगळ्यांत जुनं दुखणं

उजवीकडे वळत जाणाऱ्या चेंडूला स्लाइस म्हणतात. नवशिक्यांमध्ये याच्याइतकं पसरलेलं दुखणं दुसरं नाही. सूत्र वर आलंच: वाटेच्या मानाने तोंड उघडं. आता भाच्याने काय केलं ते बघा. तो डावीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे खांदे डावीकडे उघडले. खांदे जिकडे, तिकडे हात, म्हणून क्लबची वाट आणखी डावीकडे गेली. पण चेंडू निशाणाकडे जावा असं मनात असल्यामुळे तोंड निशाणाकडेच राहिलं. वाट आणि तोंड यांच्यातली फट वाढली, तेवढा वळसा वाढला. डावीकडे धरून स्लाइस बरा होत नाही. तो पोसला जातो.

मी सुरुवात पकडीपासून करतो, कारण तोंड उघडं राहण्याचं सगळ्यांत मोठं कारण तिथे आहे आणि ते उभ्या उभ्या दुरुस्त होतं. डाव्या हातात क्लब तळव्यात न धरता बोटांत धरायचा: करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका. वरून खाली पाहिलं की डाव्या मुठीची निदान दोन, शक्यतो अडीच-तीन हाडं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात फार डावीकडे वळलेला आहे, आणि फटक्याच्या वेळी तोंड उघडंच येणार. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी खाच पडते ती दोन्ही हातांची उजव्या खांद्याकडे बघायला हवी. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर चढवायची की दोन्ही बोटं एकमेकांत अडकवायची, हा सोयीचा प्रश्न आहे. करंगळी चढवण्याची पकड ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते हॅरी वार्डन ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकले, १८९६ ते १९१४ या काळात. लहान हातांना मात्र बोटं अडकवणं सोपं जातं.

किती घट्ट धरायचं, हे आमच्याकडे सांगायला सोपं आहे. पिकलेलं केळं घडातून काढताना जसं धरतो तसं. हातातून सुटू नये, पण सालीवर डागही पडू नये. घट्ट मूठ आवळली की मनगटं आणि कोपराखालचा हात ताठ होतो, आणि तोंड मिटण्यासाठी हाताचं जे फिरणं लागतं तेच थांबतं.

हे फिरणं क्रिकेटवाल्यांना सगळ्यांत अवघड जातं. सरळ ड्राइव्ह खेळताना डावं कोपर वर ठेवून बॅटचं तोंड जास्तीत जास्त वेळ गोलंदाजाकडे ठेवायला शिकवलेलं असतं. भाच्याच्या हातात तीच सवय होती आणि ती तिकडे चुकीची नाही. गोल्फमध्ये क्लबचं तोंड मागे जाताना उघडतं आणि पुढे येताना मिटतं, दार उघडून लोटल्यासारखं. यासाठी अर्धा स्विंग करून पाहायचा. क्लब मागे कमरेपर्यंत न्यायचा, तिथे क्लबच्या डोक्याचं टोक, दांडीपासून लांबची बाजू, आभाळाकडे हवं. पुढे कमरेपर्यंत आणायचा, तिथेही टोक आभाळाकडे. पुढच्या बाजूला तोंड आभाळाकडे बघत असेल तर हात अडवून धरलेत. असे पन्नास अर्धे फटके पूर्ण जोराच्या दहा फटक्यांपेक्षा जास्त शिकवतात. भाच्याला तीन रविवार लागले.

पकड झाली की उभं राहणं. भुसावळ जंक्शनच्या पुलावरून खाली रूळ पाहिलेत ना? चेंडू आणि निशाण पलीकडच्या रुळावर, तुमची पावलं, गुडघे आणि खांदे अलीकडच्या रुळावर. दोन्ही रूळ समांतर, म्हणजे पावलांची रेषा निशाणाच्या किंचित डावीकडे जाते, निशाणावर नाही. लांबचं निशाण बघून क्लब लावणं कठीण असतं. म्हणून चेंडूच्या मागे उभं राहून, चेंडूपुढे हातभर अंतरावर त्याच रेषेत एखादं ढेकूळ, वाळलेलं पान, काहीतरी हेरायचं. आधी क्लबचं तोंड त्याच्याकडे लावायचं आणि मग पावलं. बहुतेक जण आधी पावलं रोवतात आणि नंतर तोंड जुळवतात. खांद्यांची रेषा पावलांहून महत्त्वाची आहे; पावलं नीट लावून खांदे उघडे ठेवणारे मी खूप पाहिलेत. मित्राला मागे उभं करा आणि खांद्यांवर एक काठी आडवी धरायला सांगा, लगेच कळतं.

एवढ्यावर निम्म्याहून जास्त वळसा जातो असा माझा अनुभव आहे. उरला तर क्लबची वाट बघायची. पाण्याची रिकामी बाटली चेंडूच्या पलीकडे वीतभर आणि थोडी मागे उभी करायची. क्लब बाहेरून आत येत असेल तर बाटली उडते. ती उडू नये म्हणून उजवं पाऊल अर्धा फूट मागे घेऊन काही फटके मारायचे, आणि खाली येताना पाठ क्षणभर जास्त वेळ निशाणाकडे ठेवायची. वरून खाली येण्याची सुरुवात खांद्याने केली की क्लब बाहेर फेकला जातो. डाव्या पावलावर वजन टेकवून केली तर हात आपोआप अंगाजवळून उतरतात. घाई हा इथला शत्रू आहे. चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे नेण्याचा वेळ खाली आणण्याच्या साधारण तिप्पट असतो.

काही दिवसांनी चेंडू डावीकडे वळू लागला, म्हणजे हूक, तर घाबरू नका. डाव्या मुठीची तीनहून जास्त हाडं दिसत असतील, तेवढी पकड कमी करा. स्लाइसवाल्याचा पहिला हूक ही मला तरी चांगली बातमी वाटते, कारण हात फिरायला लागलेत.

जमीन आधी की चेंडू आधी

दुसरं मोठं दुखणं दोन रूपांत येतं. एकदा क्लब चेंडूच्या मागे जमिनीत रुततो आणि चेंडू चार पावलांवर पडतो. पुढच्याच फटक्याला क्लब चेंडूच्या डोक्यावर बसतो आणि चेंडू सरपटत जातो. माणसाला वाटतं या दोन वेगळ्या चुका आहेत. मूळ एकच असतं: क्लबच्या गोल फेरीचा सगळ्यांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. फेरी तिथेच जमिनीला लागली तर क्लब रुततो. तिथून वाचली तर वर चढताना चेंडूचं डोकं पकडते.

अशा वेळी शेजारचा खेळाडू हमखास सांगतो, "मान वर उचललीस." मी हे ऐकून ऐकून मान खाली रोवून ठेवायचो, आणि त्याने अंग आणखी अडकायचं. मान वर येते हे खरं, पण तो बहुधा परिणाम असतो. कारण असतं चेंडू उचलण्याची इच्छा. चेंडूखाली क्लब घालून त्याला वर फेकायचं म्हणून वजन उजव्या पायावर राहतं, कंबर पुढे येते, पाठ सरळ होते, कोपरं आखडतात. हे करायची गरजच नाही. सात नंबरच्या आयर्नचं तोंड तिसेक अंशांनी, पिचिंग वेजचं पंचेचाळीसच्या आसपास अंशांनी मागे कललेलं असतं. चेंडू वर नेण्याचं काम त्या उताराकडे दिलेलं आहे. तुम्ही खाली मारायचं, चेंडू वर जातो. आयर्नचा चांगला फटका आधी चेंडूला लागतो आणि मग चेंडूच्या पुढे दोन-चार इंचांवर जमिनीला.

यावरचा सराव मला शेतातच सापडला. कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती फक्की घ्या आणि वखरलेल्या भुसभुशीत जमिनीवर सरळ रेघ ओढा. चेंडू ठेवू नका. रेघ दोन पावलांच्या मधोमध येईल असं उभं राहून वेज फिरवा आणि खूण कुठून सुरू झाली ते बघा. रेघेच्या उजवीकडून सुरू झाली तर तोच तुमचा आजार. आता उभं राहतानाच वजनाचा मोठा वाटा डाव्या पायावर ठेवा, उजवी टाच किंचित उचला, आणि पुन्हा फिरवा. खूण रेघेवर किंवा पुढे येऊ लागली की मग रेघेवर चेंडू ठेवायचा. पाच मिनिटांत माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसतं ते शिकवणाऱ्याच्या दहा वाक्यांनी पटत नाही.

जमीन मात्र बघून निवडा. न वखरलेली काळी माती मार्चनंतर दगडासारखी होते, भेगा पडतात. तिच्यावर क्लब आपटला की मनगट आणि कोपर दुखावतं. कोपराच्या आतल्या बाजूच्या एका दुखण्याला गोल्फचंच नाव आहे. पायपुसण्यावरून किंवा काथ्याच्या चटईवरून मारलं तर हात वाचतो, पण चटई चूक लपवते. मागे बसलेला क्लब तिच्यावरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. चटईवरचा आत्मविश्वास खऱ्या गवतावर टिकत नाही तो यामुळेच.

चेंडूची जागाही तपासा. वेजसाठी पावलांच्या मध्यावर, क्लब लांब होत जाईल तसा चेंडू थोडा थोडा डावीकडे, आणि ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. ड्रायव्हरचा नियम वेगळा आहे: तिथे चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर, उंच असतो आणि फेरी वर चढू लागल्यावर तो लागलेला चांगला.

शँक आणि वाळू

शँक झालेला चेंडू जवळजवळ काटकोनात उजवीकडे उडतो. तो क्लबच्या तोंडावर न लागता दांडी जिथे जोडलेली असते त्या गोल मानेवर लागतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला इजा होऊ शकते, म्हणून सरावात कुणालाही उजवीकडे पुढे उभं करू नका. तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवला की चेंडू कुठे लागतो त्याचा स्पष्ट ठसा उमटतो. ठसा मानेकडे सरकलेला असेल तर बहुधा फटक्यात तुमचं वजन पायाच्या बोटांवर जातं आणि हात अंगापासून दूर फेकले जातात. घाबरून मागे सरकून उभं राहिल्याने तोल आणखी पुढे जातो, म्हणजे पुन्हा तोच उलटा उपाय. चपलेत बोटांखाली कापडाची घडी घालून दहा-वीस हलके फटके मारा, वजन टाचेकडे राहील. चेंडूच्या पलीकडे बोटभर अंतरावर आगपेटी ठेवायची आणि तिला न लागता चेंडू मारायचा, हाही चांगला सराव.

बंकरमधली, म्हणजे मैदानावर मुद्दाम केलेल्या खड्ड्यातली, वाळू लोकांना भिववते. पण तिथे चेंडूला नेमकं मारावंच लागत नाही. आधी तोंड उघडायचं आणि मग पकड घ्यायची, पाय वाळूत थोडे रोवायचे, आणि चेंडूच्या मागे दोन इंचांवर वाळूत क्लब घालून थांबायचं नाही, फेरी पूर्ण करायची. वाळूच चेंडूला बाहेर नेते. सँड वेजचा तळ फुगीर असतो, त्यामुळे क्लब खोल रुतत नाही. अशा वेजचं श्रेय अमेरिकेच्या जीन सराझेन यांना देतात. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्यांनी तो घेऊन जिंकली. उन्हाळ्यात गिरणा नदीचं पात्र कोरडं पडलं की आम्ही तिथे अर्धा तास घालवतो. चेंडू न ठेवता वाळूवर रेघ ओढायची आणि रेघेवरची मूठभर वाळू पुढे उडवायची. नियम एवढा लक्षात ठेवा की खऱ्या खेळात फटक्याआधी क्लब चेंडूजवळ वाळूला टेकवता येत नाही, आणि सरावाचा स्विंग करताना वाळूला लावताही येत नाही.

सामान आणि कोर्सवरचा पहिला दिवस

जुने क्लब घेतलेले चालतात, पण रबरी ग्रिप तपासून घ्या. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उभ्या गाडीच्या डिकीत पिशवी राहिली की ग्रिप कडक आणि गुळगुळीत होते, आणि मग माणूस नकळत मूठ आवळतो. साबणाच्या पाण्याने धुवा, तरी घसरत असेल तर बदला. सुरुवातीचा ड्रायव्हर नऊ अंशांचा घेऊ नका, साडेदहा ते बारा अंशांचा घ्या. उतार जास्त, फिरकीचा कल कमी.

शेतात आम्ही ड्रायव्हर बंद केला तो केळीच्या पहिल्या दिवसापासून. पाच एकर चौकोनी धरले तरी एक बाजू दीडशे मीटरही भरत नाही, म्हणून तिथे वेज आणि अर्धे स्विंग. ड्रायव्हर काढायचा तो पुण्याला गेल्यावर, सरावाच्या रेंजवर.

कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, पहिल्यांदा गेलात तर प्रत्येक होलला, म्हणजे टीपासून खड्ड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला, ड्रायव्हर काढायची सक्ती नाही. पिशवीत १४ क्लब नेता येतात ते त्यासाठीच. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक फटका दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून मारायचं, म्हणजे एका वळशाची किंमत दोन फटके. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. उजवीकडे झाडी दिसली की सात नंबरचं आयर्न काढा. आणि फटका बिघडल्यावर पुढच्या फटक्याआधी दोष शोधू नका. ते काम शेतात, फक्कीच्या रेघेवर करायचं.

पटिंग, घरात बसून

गुण सगळ्यांत स्वस्तात वाचतात ते इथे. अठरा होलच्या डावात एकट्या पटरने, म्हणजे चेंडू जमिनीवरून खड्ड्याकडे ढकलायच्या क्लबने, मारलेल्या फटक्यांचा वाटा खूप मोठा असतो, तरी सरावाला पटर कुणी काढत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ मध्ये, आपली अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदकापासून एका फटक्याने दूर. तिचे टीवरचे फटके तिच्याबरोबरच्या कितीतरी खेळाडूंपेक्षा आखूड होते. तिने ते अंतर पटरने भरून काढलं.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा ४२.६७. म्हणजे होल चेंडूच्या अडीचपट रुंद असतो. तरीही आठ फुटांवरून जगातले व्यावसायिक खेळाडू साधारण निम्म्याच वेळा चेंडू घालतात. हे कळल्यावर हौशी खेळाडूने स्वतःवर चिडायचं कारण उरत नाही. तीस फुटांवरून होल गाठायचा नसतो, होलभोवती तीन फुटांच्या घेरात चेंडू थांबवायचा असतो. एका होलला पटरचे तीन फटके, म्हणजे तीन पट, लागतात ते दिशा चुकल्यामुळे क्वचित, अंतर चुकल्यामुळे जास्त. अंतर जोराने ठरवू नका, झोक्याच्या लांबीने ठरवा. पटर मागे वीतभर नेला तर चेंडू किती जातो, दोन वीत नेला तर किती, हे हाताला कळायला हवं. लय तीच, झोका लहान-मोठा. लांबच्या पटआधी एकदा चेंडूकडे न बघता होलकडे बघत हात हलवा. आपण कागदाचा बोळा टोपलीत टाकतो तेव्हाही डोळे टोपलीवरच असतात.

जवळच्या पटचं काम तोंडाचं आहे. पटर किंचित तिरका झाला तरी सहा फुटांवर चेंडू होलच्या काठाने निघून जातो. त्यासाठी शहाबादी फरशी फार कामाची. दोन फरशांच्या सांध्याची सरळ रेघ तयार असते. त्या रेघेवर चेंडू ठेवायचा, पुढे हातभर अंतरावर दोन आगपेट्या चेंडूच्या दीडपट फटीने ठेवायच्या, आणि त्यातून चेंडू न लागता काढायचा. फरशीवर चेंडू ग्रीनपेक्षा, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीपेक्षा, जोरात पळतो, म्हणून अंतराच्या सरावाला जाजम किंवा सतरंजी घ्या.

मे महिन्यात सकाळी आठनंतर शेतात उभं राहवत नाही. तेव्हा दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून आम्ही ओसरीत सतरंजी अंथरतो. एका टोकाला वाटी आडवी ठेवलेली असते. भाचा वीस चेंडू मारतो, मी वीस मारतो, आणि वाटीपासून हातभर अंतरात किती थांबले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवतो. सध्या त्याचे तेरा आहेत, माझे बारा.